लिंबाजी मामांची उजवी भुवई

मानवत,
दि. ९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप लिंबाजी मामांच्या चरणी भाची राजेश्रीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुम्हीही सुखरूप असाल. नव्हे, असलंच पाहिजे, यात कसूर चालणार नाही. गुडघा कसा आहे? खोकला गेला का? भूक लागते ना? जेवणानंतर शंभर पावलं चालता ना? (परमेश्वरदादाच्या नाशिकच्या फ्लॅटला अंगण नसेल तर जिन्यात चाला, पण कठडा धरून.) छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं काही नाही ना? मामा, हे मी रिवाज म्हणून विचारत नाही. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या हस्ताक्षरात, खाली सही आणि तारीख घालून, उलट टपाली हवं आहे. कारण पुढे येईलच. त्याआधी एक विनंती, हे पत्र बसून वाचा. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून उभे राहिलात आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पेपरसुद्धा उभ्याने वाचता, हे मला माहीत आहे. पण हे पत्र बसूनच वाचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे तर पोरीने फोन का नाही केला? फोनला आईची बंदी आहे. तिचं म्हणणं असं की काही बातम्या माणसाला फोनवर सांगू नयेत, दचकून त्या खऱ्या होतात. परमेश्वरदादाला, म्हणजे तुमच्या चिरंजीवांना, मी सगळं सांगितलं आहे. त्याने पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. "तूच सांग, मी न्हाई," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. शिवाय तुमचा स्वभाव लेखी कागदावर विश्वास ठेवणारा. म्हणून हे पत्र.

सुरुवात माझ्या कामापासून करते, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. (मी काय काम करते हे तुम्ही मला चार वेळा विचारलंत, आणि चारही वेळा "असं व्हय" म्हणून खिडकीबाहेर पाहिलंत.) मी संगणकात माणसं घडवते. खरीखुरी दिसणारी. आधी नुसता गोळा, मग त्याला कवटी, जबडा, कान; मग वरून कातडी, कातडीवर सुरकुत्या, दाढीचे खुंट, नखातला मळसुद्धा. पुण्याच्या कंपनीत मी तीन वर्षं हेच केलं आणि तिथल्या खोलीत माझीच कातडी पांढरी पडायला लागली, तेव्हा सगळं गुंडाळून मानवतला आले. अण्णांनी मला तुरीची खोली दिली. पण अण्णा जन्मभर कचेरीत कारकून, त्यामुळे खोली मिळाली ती लेखी नोटिशीसह. विषय: तुरीची खोली दसऱ्यापर्यंत रिकामी करणेबाबत. संदर्भ: आपली तोंडी विनंती. मजकूर असा की दसऱ्यापर्यंत या कामाला कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर खोलीत पुन्हा तूर येईल आणि अर्जदार परभणीला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाईल. प्रत माहितीस्तव: आई. (आईने त्या प्रतीवर पापड वाळत घातले.)

तर मी गिऱ्हाइकाच्या शोधात असताना आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष व्यंकटराव देवासारखे धावून आले. त्यांना कापूसवाल्या शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर पाठवायला छोट्या छोट्या चित्रफिती हव्या होत्या. बोंडअळी कशी ओळखावी, दव असताना वेचणी करू नये, ओला कापूस गंजीत घालू नये, असल्या. गेल्या वर्षी त्यांनी एका तज्ज्ञाला बोलतं केलं होतं, पण त्या तज्ज्ञाचं बोलणं त्याला सोडून कुणाला कळलं नाही. व्यंकटराव म्हणाले, "पोरी, मला असा मानूस करून दे की त्यानं निस्तं बघितलं तरी शेतकऱ्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकायलंय." सभेत सगळ्यांना तो माणूस पसंत पडला तर वर्षभराचं काम माझं. मामा, असा माणूस म्हटल्यावर माझ्यापुढे दुसरा चेहरा आलाच नाही. मी तुमचा चेहरा घेतला. न विचारता घेतला. हा गुन्हा पहिला, आणि त्याची कबुली मी इथे देते.

तुमच्या निरोपसमारंभाचे पस्तीस फोटो माझ्याकडे होते. त्यांवरून मी दोन महिने खपून तुम्हाला घडवलं. टक्कल, पांढऱ्या मिशा, चष्मा, नाकाच्या डाव्या बाजूचा तीळ, गळ्याशी हार घासून आलेला लालसर वळ, सगळं हुबेहूब. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा पडद्यासमोर उभी राहून तिने सवयीने विचारलं, "जेवलास का?" आणि मग स्वतःशीच हसली. पण थोडा वेळ बघत राहिली आणि तिचं हसू गेलं. म्हणाली, "समदं लिंबाचंच हाय गं. पर लिंबा न्हाई ह्यात." आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. माणूस अगदी खऱ्यासारखा केला की बघणाऱ्याला भीती वाटते, कारण नव्वद टक्के जिवंत माणूस म्हणजे दहा टक्के मेलेला. हे मला शिकून तीन वर्षांनी कळलं आणि आईला उभ्याउभ्या कळलं.

मी व्यंकटरावांना सांगितलं, थांबा, हे अजून कच्चं आहे. पण व्यंकटराव थांबणारे नव्हेत. पोळ्यानंतरच्या सोमवारी त्यांनी तुमच्या चेहऱ्याचा फलक छापून थेट देवगाव फाट्यावर लावला. बारा फूट बाय आठ. आता फलक छापणाऱ्याची काय चूक, त्याच्याकडे नमुने दोनच. एक वाढदिवसाचा, त्यात वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग लागते आणि व्यंकटरावांना नेते नको होते. म्हणून त्याने दुसरा घेतला. तुम्ही मधोमध, हात जोडलेले, तोंड मिटलेलं, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट आणि खालच्या कोपऱ्यांत दोन समया. व्यंकटरावांनी सांगितलेला मजकूर त्यात बसेना, म्हणून त्याने शेवटचे तीन शब्द तेवढे घेतले: "लवकरच आपल्या भेटीला".

मामा, पाण्याचा घोट घ्या.

(आई त्या दिवशी तुमचं बंद घर झाडायला गेली होती. दर महिन्याला जाते. ती संध्याकाळी उशिरा आली, "तुझ्या त्या मान्साला आज बंद ठेव" एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. मी म्हटलं, दमली असेल.)

मंगळवारी पहिल्या गाडीने सगुणाबाई आल्या. त्याच, फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या, ज्यांच्याकडे तुमच्या गाडीचा नेहमी दहा मिनिटांचा थांबा पंचवीस मिनिटं व्हायचा. दारातच त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि सूर लावला. काय रडल्या मामा! तुमचं लहानपण, तुमची ड्यूटी, पुराच्या पाण्यात गाडी अडकली तेव्हा तुम्ही बायाबापड्यांना खांद्यावर घेऊन काढलंत ते, तुम्हाला चहात साखर जास्त लागायची ते, एकही गोष्ट सोडली नाही. अण्णा मध्ये मध्ये "अहो बाई, परंतु" म्हणत होते, पण त्या सुरात परंतुला जागा नव्हती. शेवटी त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा मी सांगितलं की मामा नाशिकला ठणठणीत आहेत. त्या डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अगं माय! मंग कावळा शिवला म्हना की! काऊन सांगितलं न्हाई आधी? मी अजून रडले असते!"

आता हे तुम्हाला ठाऊकच आहे, डोक्यावर कावळा बसला की घात टळावा म्हणून मेल्याची खोटी खबर धाडून नातलगांना रडवायची आपल्याकडे रीत आहे. सगुणाबाईंनी ठरवून टाकलं की लिंबाजीच्या डोक्यावर नाशकात कावळा बसला (टक्कल असल्याने त्याला जागाही प्रशस्त) आणि अक्काने भावाचा घात टाळायला खबरीऐवजी थेट फलकच लावला. त्यांनी आईचं लय कौतुक केलं. तेव्हापासून सेलू ते मानवत रस्त्यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो तुम्ही गेलात. दुसरा म्हणतो कावळा. तुम्ही नुसतेच नाशिकला असून नातवाला शाळेत सोडता, असं मानणारा तिसरा पक्ष अजून निघालेला नाही. दोन्ही पक्षांची माणसं आमच्याकडे भेटायला येऊन गेली आणि दोघांसाठीही चहाच करावा लागला.

व्यंकटराव घाबरले. म्हणाले, गेलेल्या माणसाच्या तोंडून बोंडअळी नको, चेहरा बदल. सभेला उरले होते तेरा दिवस (हा आकडा मी मुद्दाम काढलेला नाही). तेरा दिवसांत नवा माणूस घडत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की माणूस तोच ठेवावा आणि त्याची धाटणी बदलावी. तुमचा नातू मोबाइलवर ती जपानी चित्रं बघतो ना, ॲनिमे म्हणतात त्याला. बशीएवढे डोळे, नाक नावापुरतं, तोंडाची एक रेघ, केस सदा वाऱ्यावर. तुम्ही मागे म्हणाला होतात, "ह्या पोरांना नाकं काऊन न्हाईत?" तर मी ठरवलं, हुबेहूब लिंबाजी मामा घ्यायचे आणि त्यांना जपानी करायचं, म्हणजे ओळखणार कोण?

पहिला प्रयोग रंगाचा. खऱ्या कातडीला हजार छटा असतात, जपानी कातडीला दोनच. ऊन आणि सावली, मध्ये सरळ रेघ, भोवती काळी किनार. मी ती किनार लावली तर संगणकाने ती तुमच्या प्रत्येक सुरकुतीला लावली. तुमच्या तोंडावर कालव्यांचा नकाशा उमटला, चाऱ्या-उपचाऱ्यांसकट. अण्णांनी त्यात आपल्या शेताकडे येणारी चारी शोधली. मग मी एकेक सुरकुती पुसत गेले आणि तुम्ही साठाचे पन्नास, पन्नासाचे चाळीस होत होत संध्याकाळपर्यंत माझ्याच वयाचे झालात. दुसरा प्रयोग डोळ्यांचा. खरा डोळा तिप्पट मोठा केला की त्यातल्या लाल शिराही तिप्पट होतात. तुम्ही मिरची कुटायच्या गिरणीत उभे असल्यासारखे दिसायला लागलात. समोरून ठीक, पण मान वळवली की डोळा थेट कानाला भिडायचा. मग डोळे आत दाबले तर गाल बाहेर आले, गाल दाबले तर कान हलले. दोन दिवस मी तुमचं तोंड पुरणाच्या पोळीसारखं इकडून तिकडे सारत होते.

तिसऱ्या दिवशी मी तुमचं नाक काढलं. माफ करा, पण त्या धाटणीत नाक म्हणजे एक ठिपका. नाक गेल्याबरोबर चष्म्याचा आधार गेला आणि तो घसरून मिशीवर येऊन बसला. मिशी स्वतःच अधांतरी लोंबत होती, तिने तो भार कसाबसा पेलला. आणि तीळ काढायचा मी विसरले. नाकच नाही तर तीळ बसणार कुठे? तो चेहऱ्यापासून बोटभर पुढे हवेत थांबला, आणि तुम्ही मान हलवली की मागोमाग यायचा. आईने दोनदा पदराने पडदा पुसला. तिसऱ्यांदा फटका मारायला हात उचलला तेव्हा मी तिला सांगितलं की ती माशी नव्हे, तुझ्या भावाचा तीळ आहे. चौथ्या दिवशी टकलावर केस लावले. निळे, टोकदार, काट्यांच्या कुंपणासारखे. अण्णांनी चष्मा वर करून विचारलं, "सदर इसम कोण?" तेव्हा मला वाटलं, जिंकलं. आता तुम्हाला तुमची आईसुद्धा ओळखणार नाही.

पण खरं सांगू का मामा? मला वाईट वाटलं. दोन महिने जो चेहरा घडवला तो मीच पुसून टाकला होता. पडद्यावर एक देखणा, निळ्या केसांचा, कुणाचाच नसलेला पोरगा उभा होता. तेव्हा मी त्याची एक प्रत बाजूला ठेवली आणि निव्वळ माझ्यासाठी उलटे प्रयोग करून बघितले. केस काढून टक्कल परत दिलं. मिशी पांढरी केली. जिथे नाकाचा ठिपका होता तिथेच जवळ तीळ चिकटवला. डोळे मोठेच ठेवले. तरी तुम्ही काही येईनात. काय राहिलंय, काय राहिलंय करत मी पस्तीस फोटो पुन्हा पाहिले, आणि ते एकाही फोटोत नव्हतं. सगळ्या फोटोंत तुम्ही गळ्यात हार घालून घामेजून सरळ उभे आहात. मग मला आठवलं. मी तेरा वर्षांची होते, आईबरोबर सेलूला निघाले होते आणि गाडीवर तुम्ही होतात. आईने माझं अर्धं तिकीट मागितलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फक्त तुमची उजवी भुवई वर गेली, हळूहळू, आणि तिथेच थांबली. सख्खी थोरली बहीण, पण आईने मुकाट्याने पूर्ण तिकीट काढलं. त्या रस्त्यावर बारा वर्षं ओलांडलेलं कोणतं लेकरू त्या भुवईतून सुटलं होतं?

मी भुवई केली. आता त्या जपानी धाटणीचा एक नियम आहे की कपाळावर केस आले तरी भुवई झाकली जात नाही, केसांवरून दिसते. तो नियम मी चालू ठेवला होता आणि तुम्हाला टोपी घातली होती. त्यामुळे भुवई वर गेली ती थांबेचना, कपाळ ओलांडून टोपीवर चढली आणि टोपीवरून दिसू लागली. मी दुरुस्त करणार, एवढ्यात मागून आई आली. बशीएवढे डोळे, नाक नाही, भुवई टोपीवर. आणि आई म्हणाली, "आता आला लिंबा." मग मी ते तसंच ठेवलं.

परवा रविवारी सभा झाली. आवाजाला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून अण्णांचा घेतला होता. (अण्णा म्हणाले: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, बोंडअळीचा प्रादुर्भाव निदर्शनास आल्यास..." तिथवर पुढच्या रांगेतले तिघे झोपले.) मी आधी निळ्या केसांचा पोरगा दाखवला. लोक सभ्यपणे बघत राहिले. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्या लेकरानं कापूस कधी बघितलाय का?" आणि सभागृहात अशी शांतता पसरली की मला माझ्या खोलीत तूर ओतल्याचा आवाज ऐकू आला. व्यंकटराव माझ्या कानाशी आले. "दुसरं काही हाय का?" मामा, होतं. पण त्यात तुम्ही होतात, आणि अर्धी सभा तुमच्यासाठी आमच्याकडे चहा पिऊन गेली होती. मी डोळे मिटले आणि ते लावलं.

पडद्यावर तुम्ही आलात. अण्णांच्या आवाजात विचारलंत, "कापूस ओला नाही म्हणता?" आणि भुवई चढायला लागली. कपाळावर, कपाळावरून टोपीवर. आणि मग मागच्या रांगेतून आरोळी आली, "आरं, त्यो वय इचारायलाय!" मग जो हशा झाला तो काही आवरेना. झोपलेले तिघेही उठून हसले, का ते त्यांना माहीत नव्हतं. जिनिंगवाले बन्सीधरशेठ, ज्यांच्यापुढे लोक खुर्चीतून उठतात, ते स्वतः उठून उभे राहिले. म्हणाले, "मी चौदा वर्षांचा असताना बापानं माझं अर्धं मागितलं व्हतं. ह्या मान्सानं भुवई वर केली, पर पोरासमोर बापाला शब्दानं बोलला न्हाई. बापानं मुकाट पूर्ण काढलं. आजबी ओला कापूस समोर आला की मला तीच भुवई दिसती." व्यंकटराव लगेच म्हणाले, या भुवईपुढे ओला कापूस आणायची कुणाची छाती आहे? काम पोरीला द्या.

आता दोन्ही पक्ष जागे झाले. मेलेल्या माणसाचा चेहरा कसा वापरता, असं एक म्हणाला. कावळ्याची खबर पुरी व्हायच्या आत त्याला जिवंत दाखवणं बरं नव्हे, असं दुसरा. तासभर वाद झाला आणि शेवटी ठराव असा झाला (मसुदा अण्णांचा, त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही): सदर इसम हयात असल्यास त्याने दि. २१ रोजीच्या तहकूब सभेस जातीने हजर राहून आपल्या चेहऱ्यास संमती द्यावी. हयात नसल्यास विषय रद्द समजावा.

तर मामा, असं आहे सगळं. माझं वर्षभराचं काम, तुरीची खोली आणि मानवतला राहणं, हे सगळं तुम्ही हयात असण्यावर येऊन ठेपलं आहे. म्हणून वर तब्येत विचारली. न विचारता चेहरा घेतला, त्याबद्दल याल तेव्हा दोन शब्द बोला, किंवा बोलू नका, नुसती भुवई वर करा. मला पुरेल. दादाला, वहिनीला नमस्कार. तुमच्या नातवाला सांगा, त्याचे आजोबा आता त्या बिननाकाच्या पोरांपैकी एक आहेत.

तुमची,
राजेश्री

ता. क. १: अण्णांच्या आवाजाबद्दल सभेने एकमताने जे मत दिलं ते अण्णांनी इतिवृत्तातून वगळलं आहे. तेव्हा आवाजही तुमचाच लागेल. खोकला असला तरी चालेल, खोकल्यासकट घेऊ.

ता. क. २: २१ तारखेला सर्वपित्री अमावस्या आहे, हे ठराव झाल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी घरोघरी कावळ्याला पान ठेवतील. तुम्ही फाट्यावर उतराल ते उन्हातच उतरा, म्हणजे लोकांना तुमची सावली दिसेल, आणि उतरल्यावर कुणाच्या अंगणातलं काही खाऊ नका. सरळ सगुणाबाईंच्या हॉटेलात जा. फलक अजून तिथेच आहे, काढायला कुणी धजत नाही, आणि कुणीतरी त्याला रोज ताजा हार घालतं.

ता. क. ३: यंदा तुम्हाला पासष्टी पूर्ण झाली. म्हणजे एसटीत तुमचं अर्धं तिकीट. मागून बघा, आणि तो नवा कंडक्टर काय करतो ते मला सांगा.

ता. क. ४: हे आईला कळू देऊ नका. काल सगुणाबाई पुन्हा आल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं. फलक पाहून गावाने विश्वास ठेवला नव्हता. गावाने विश्वास ठेवला तो आईला पाहून. त्या सोमवारी आई तुमचं घर झाडून फाट्यावर आली आणि तिने मान वर करून पाहिलं. तिला फलकाचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. ती हातातली केरसुणी घेऊन तिथे फलकाच्या खांबाशी खाली बसली आणि रडली. मग तिने कुणाला तरी फोन लावला, दोन शब्द बोलली, डोळे पुसले आणि गाडीत चढली. मामा, त्या दिवशी पाच वाजता आईने तुम्हाला "जेवलास का" एवढंच विचारून फोन ठेवला होता ना? तुम्ही म्हणाला असाल, अक्का, पाचला कोण जेवतं. तर मामींचं वर्षश्राद्ध करून तुम्ही नाशिकला गेलात त्याला दोन वर्षं झाली. ठराव, सभा, माझी खोली, हे सगळं राहू द्या. फलक नसता तरी हे पत्र मी लिहायलाच हवं होतं. आई अजून रोज पडद्यासमोर उभी राहून विचारते. तो भुवई वर करतो, पण उत्तर त्याला येत नाही. तुम्ही येऊन द्या.

ता. क. ५: हे वाचताना भुवई वर गेली असेल तर हलू नका, नातवाला फोटो काढायला सांगा. पस्तिसांत तेवढाच एक कमी आहे. डोळ्यांत पाणी आलं असेल तर तेही असू द्या. या धाटणीत डोळे लय मोठे असतात, मावतं.